वेणी चघळणारी

घरात माझ्यासाठी खूण नव्हती.
गाईसाठी होती: कपाळाशी दोन बोटं.
मिठासाठी होती, धुक्यासाठी होती,
मामाच्या लंगडण्यासाठीही होती.
मला बोलवायचं तर आई टाच आपटायची.
मातीच्या जमिनीतून ती थाप पायांत चढायची
आणि आम्ही दोघं वळून बघायचो,
मी आणि कुत्रा.

पाद्रीबाबानं डोक्यावर पाणी घालून
एक नाव ठेवलं होतं म्हणे: मारिया ऑक्सिलियादोरा.
आईच्या ओठांवर ते कधीमधी दिसायचं,
गरम घास तोंडात घोळवावा तसं.
मला वाटे, तिला भाजतंय.

अकराव्या वर्षी मामानं
हिनोतेगाच्या डोंगरातून, कॉफीच्या पोत्यांवर बसवून
मला मानाग्वाला आणलं.
शाळेच्या अंगणात पन्नासेक मुलं
आणि सगळ्यांचे हात उडत होते,
जणू कुणी खुराड्यात दगड टाकलाय.
मी भिंतीला पाठ लावून उभी.
ते जमले. माझ्याकडे बघत आपसांत भांडू लागले.
एकानं स्वतःचं नाक चपटं केलं.
दुसरीनं मान हलवली, छे.
मग एक लांब हातांचा मुलगा, फानोर, पुढे आला,
खांद्यावरून नसलेली वेणी ओढली
आणि तिचं टोक दातांत धरलं.
सगळे हसले. सगळ्यांनी तसंच केलं.
पन्नास वेण्या, पन्नास तोंडं.
तेव्हा मी खाली पाहिलं:
माझ्या तोंडात माझी वेणी होती.

कधीपासून होती?
इतकी वर्षं तिचं टोक ओलं राहत होतं
आणि मला पत्ता नव्हता.

त्या रात्री न्हाणीघरातल्या फुटक्या आरशापुढे
मी ती खूण करून पाहिली.
आतलीनं लगेच ओ दिली.

मग 'मी' शिकले. छातीवर बोट, बस.
पण फानोरही आपल्या छातीवर बोट ठेवून तेच म्हणायचा,
भात वाढणारी दोन्या एनेयदासुद्धा.
एवढ्या माणसांत एकच शब्द, सगळ्यांचा उष्टा.
मी बरेच दिवस तो वापरलाच नाही.

आंब्यांच्या दिवसांत एकदा
लांब, नळापाशी, दोघी बोलत होत्या.
मी जिन्याखाली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.
एकीनं माझी वेणी ओढली,
मग आंबा तोडला, मग सदऱ्याखाली लपवला.
खोटं होतं. आंबा फानोरनं चोरला होता.
राग आला, पण नंतर.
आधी गुडघे गळाले:
मी इथे उभी, काही न करता,
आणि तिथे, माझ्याशिवाय,
मी चोरी करत होते.

त्याआधीचं काय आठवतं म्हणाल
तर मक्याचा धूर, कुत्र्याची ऊबदार कूस.
आठवतं.
कुणाला आठवतं, ते सांगता येत नाही.

सुट्टीत घरी गेले. चुलीपुढे बसून
आईला नाव शिकवलं. तिच्या बोटांना पीठ होतं.
तिनं वेणी ओढली ती भलत्याच बाजूनं,
दातांऐवजी कपाळाला नेली.
म्हणजे अर्धी मी, अर्धी गाय.
तरी मी ओ दिली.
मग तिनं स्वतःकडे बोट केलं: आणि माझं?
मी नसलेल्या एप्रनला हात पुसले,
उलटे, सुलटे, पुन्हा उलटे.
ती थबकली.
स्वतःच्या हातांकडे बघत राहिली,
दारात आलेल्या पाहुणीकडे बघावं तशी.

आता मी केस कापलेत, शिवणयंत्रात अडकायचे.
नाव तेच आहे. दुकानातल्या नव्या मुली विचारतात,
कुठली वेणी?
आणि अजून कुणी फरशीवर पाय आपटला
की मान आधी वळते, मग मी.

परवा आईला विचारलं,
त्या कुत्र्याला काय म्हणायचात?
तिचे ओठ हलले, दोनदा.
हात मांडीवर तसेच.